रॅक मागूनही नीट दिसायला हवा असेल तर काम कुठून सुरू करायचं

परवा आमच्याकडच्या एका पोरानं नेटवर्कच्या रॅकचा, म्हणजे ऑफिसभरच्या केबल जिथं येऊन स्विचला जोडल्या जातात त्या कपाटाचा फोटो पाठवला, दादा कसा झालाय बघा म्हणून. समोरून छान होता, पॅच कॉर्ड (जोडणीच्या छोट्या तयार केबल) एका मापाच्या, लेबलं सरळ. म्हटलं मागचं दार उघडून एक फोटो पाठव. तर मागे ४८ केबल छताच्या भोकातून एकमेकींत गुंतून खाली आलेल्या आणि टायवर टाय मारून आवळलेल्या. पूर्ण दिवस ड्रेसिंगला, म्हणजे केबल ओळीत लावून बांधायला बसला होता तो, मेहनतीत काहीच कमी नव्हती, पण ज्या केबल वरच्या ट्रेमध्येच वेणीसारख्या पिळल्या गेल्यात त्या रॅकमध्ये येऊन सरळ होत नाहीत, कितीही ओढा. ड्रेसिंग शेवटच्या दिवशी करायचं कामच नाही ते, पहिली केबल बॉक्समधून निघायच्या आधी निम्मं झालेलं असतं. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथं नीट लिहितोय, म्हणजे अजून कुणाच्या कामाला येईल.

उदाहरणाला एक साधं ऑफिस घेऊ, पुण्यात अशी ढिगानं आहेत. एक मजला, टेबलांच्या चार रांगा, एका रांगेत सहा टेबलं, प्रत्येक टेबलाला दोन पॉइंट, म्हणजे केबल लावायची दोन सॉकेट. म्हणजे रांगेला १२ आणि एकूण ४८ पॉइंट. कॅट सिक्स केबल (आत पिळलेल्या तारांच्या चार जोड्या), दोन २४ पोर्टचे पॅच पॅनल (टेबलांकडून आलेल्या केबल जिथं मागून बसवतात ती पोर्टची पट्टी), एक ४८ पोर्टचा स्विच.

आधी कागदावर बसायचं. ड्रॉइंगवर रांगांना ए, बी, सी, डी नाव द्यायचं, पॉइंटना ए-०१ ते ए-१२ असे नंबर, आणि तेव्हाच ठरवून टाकायचं की ए आणि बी वरच्या पॅनलवर, सी आणि डी खालच्या पॅनलवर. हा नंबर फेसप्लेटवर (पॉइंटच्या पुढच्या पट्टीवर), केबलच्या दोन्ही टोकांना, पॅनलवर आणि शीटमध्ये एकच राहणार, कुठंही बदलणार नाही. बरेच जण आधी केबल ओढतात, मग टेस्टरनं कुठली कुठं निघाली ते शोधत बसतात, मग जशी हाताला लागेल तशी पॅनलवर मारतात. तिथंच रॅकचा चेहरा बिघडतो, कारण पॅनलच्या पहिल्या पोर्टवर मजल्याच्या दुसऱ्या टोकाची केबल येते आणि ती बाकीच्यांना ओलांडूनच यावी लागते.

मग केबलचा हिशोब. सगळ्यात जवळचा पॉइंट समजा १२ मीटर, सगळ्यात लांबचा ५२, दोन्हीची सरासरी ३२, त्यावर दहा टक्के म्हणजे ३५ मीटर धरा. आता ४८ गुणिले ३५ भागिले ३०५ असं करू नका, त्यात फसायला होतं, कारण बॉक्सच्या शेवटी उरलेले २५ मीटर कुठंच पुरत नाहीत आणि मधे जोड द्यायचा नसतो. एका बॉक्समध्ये ३०५ मीटर असते, तिच्यातून ३५ च्या पूर्ण अशा ८ केबल निघतात, ४८ ला ६ बॉक्स, आणि सातवा हाताशी ठेवायचा. हे सहाचं गणित पुढं कामाला येतंय, लक्षात ठेवा. आणि जॅकपासून (पॉइंटच्या सॉकेटपासून) पॅनलपर्यंतची लाईन ९० मीटरच्या आतच पाहिजे, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १००. ऑफिसच्या एका मजल्यावर सहसा प्रश्न येत नाही, फॅक्टरीच्या शेडमध्ये मात्र हमखास येतो, तिथं मधे एक छोटा रॅक टाकून फायबर न्यायची.

बॉक्स घेतल्या घेतल्या एक केबल सोलून आतली तार ब्लेडनं खरवडून बघायची. वरून तांबूस आणि आतून चंदेरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल, सरळ परत करायची. मला याचा अनुभव फार जवळून आलाय. एका गोडाऊनचे कॅमेरे, वीजही त्याच केबलमधून घेणारे, दिवसभर व्यवस्थित चालायचे आणि अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू. आम्ही स्विच बदलला, कॅमेरे बदलले, पंचिंग (तारा टूलनं खाचेत दाबून बसवणं) परत केलं. शेवटी केबल खरवडली तेव्हा कळलं. रात्री कॅमेऱ्याचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागतात, करंट वाढतो, ॲल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा जास्त, त्यामुळं लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पोचतच नव्हतं. ती केबल आधीच्या माणसानं अतिशय सुबक टाकलेली होती, ते सगळं काढून फेकताना वाईट वाटलं. म्हणून सुबकपणा नंतर, आधी तांबं.

आता केबल ओढणं. सहाही बॉक्स एका ओळीत ठेवा, प्रत्येकाला १ ते ६ नंबर टाका, आणि सहा केबल एकदम ओढा. एका रांगेला १२ पॉइंट, म्हणजे दोन खेपा, चार रांगांना आठ खेपा, काम संपलं, आणि प्रत्येक बॉक्समधून बरोबर आठ केबल गेल्या. फायदा नुसता वेळेचा नाहीये. सहा केबल एकत्र निघाल्या की त्या एकमेकींशेजारी पडतात, एक-एक करून ४८ वेळा ओढल्या की प्रत्येक नवी केबल जुन्यांच्या वरून, खालून, मधून वाट काढत जाते आणि तिथं वेणी तयार होते.

ओढायच्या आधी सहाही टोकांवर परमनंट मार्करनं पॉइंटचा नंबर (ए-०१ असा) लिहायचा, आणि एकदाच नाही, टोकापासून चार बोटांवर, वीतभर अंतरावर आणि हातभर अंतरावर असा तीनदा. कारण टर्मिनेशनला, म्हणजे केबल जॅकवर किंवा पॅनलवर बसवताना टोक कापलं जातं आणि त्याच्याबरोबर नंबरही जातो. बॉक्सच्या बाजूला केबल कापायच्या आधी तिकडेही तेच तीन नंबर, आधी लिहायचं मग कापायचं, हा क्रम मोडला की संपलं. अजून एक, केबलच्या जॅकेटवर मीटरचे आकडे छापलेले असतात, रॅकच्या टोकाचा आकडा आणि पॉइंटच्या टोकाचा आकडा वहीत लिहून ठेवला की प्रत्येक केबलची लांबी फुकटात मिळते. पुढं कधी टेस्टरनं लाईन ४१ मीटरला तुटलीय सांगितलं की ती नेमकी कुठल्या खांबाजवळ ते तुम्ही घोडा (उभी शिडी) लावायच्या आधीच सांगू शकता.

ओढताना जोर लावायचा नाही. स्टँडर्डमध्ये चार जोड्यांच्या केबलला ११० न्यूटन सांगितलेत, म्हणजे ढोबळमानानं ११ किलोचा ओढा, एका हातानं आरामात ओढली जाईल तेवढा. अडकली तर एकानं घोड्यावर चढून कुठं अडकली बघायचं, खालून हिसका मारला की आतल्या जोड्यांचे पीळ ताणले जातात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बॉक्समधून निघताना केबलला गाठीसारखा वेढा पडला की थांबायचं, पिळाच्या उलट दिशेला फिरवून सोडवायचा. तो वेढा तसाच ओढून सरळ केला तर जॅकेटवर जो पांढरट वळ राहतो ना, तेवढी केबल गेली समजा.

रस्ता कुठून न्यायचा यावर एवढंच सांगतो, फॉल्स सीलिंगच्या टाइल्सवर केबल टाकून द्यायची नाही. एसीवाला वर चढला की त्याच्या पायाखाली तीच येते. ट्रे असेल तर उत्तम, नाहीतर स्लॅबला हूक मारून दर सव्वा ते दीड मीटरवर आधार द्यायचा. लाईटच्या वायरिंगपासून निदान फूटभर लांब, आणि ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात. पाईपमध्ये ठासून भरू नका, २५ एमएमच्या पाईपात कॅट सिक्सच्या ४, फार तर ५. आज सहावी जाईलही, पण उद्या त्यातली एक बदलायची म्हटली तर सगळ्याच काढाव्या लागतात.

आता रॅक. इथं जरा निवांत सांगतो, कारण माझा जीव इथं जास्त रमतो.

मी शिकत होतो तेव्हा आमच्या साईटवर टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेले एक काका यायचे. त्यांच्या काळात वेल्क्रो नव्हता की प्लास्टिकचा टाय नव्हता, मेण लावलेल्या दोऱ्यानं वायरींचे जुडगे शिवायचे, शिवायचे असंच म्हणायचे ते, दर दोन बोटांवर एक गाठ आणि सगळ्या गाठी एका रेषेत. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती अशी की बांधायला पुढून मागे जायचं. मी छताच्या भोकाकडून सुरुवात करून पॅनलकडे बांधत यायचो आणि पॅनलजवळ आल्यावर सगळा राडा तिथं साठायचा. त्यांनी माझे सगळे टाय कापून टाकले आणि पॅनलच्या बाजूनं सुरू करायला लावलं. जिथं क्रम महत्त्वाचा तिथं आधी क्रम लावायचा आणि मग केबलींचा गुंता, कमी-जास्त लांबी, सगळं मागे ढकलत ट्रेपर्यंत न्यायचं. ट्रेमध्ये लूज सामावून घ्यायला जागा असते, पॅनलमागे नसते.

तर करायचं असं. पॅनल रॅकला लावायच्या आधीच त्याच्या मागे सपोर्ट बार बसवा. बार नसलेले स्वस्तातले पॅनल घेऊ नका, त्याशिवाय केबलचं वजन थेट पंचिंगवर येतं. २४ केबलचा गठ्ठा रॅकच्या एका खांबाजवळून खाली आणा, मग बारवरून आडवा न्या. आता लक्षात ठेवा, मागून बघताना १ नंबरचा पोर्ट उजव्या हाताला असतो, नवीन माणूस इथं दहातले नऊ वेळा चुकतो आणि २४ च्या २४ उलट्या मारून ठेवतो. मी पॅनलच्या मागे उजव्या टोकाला मार्करनं मोठा १ लिहितो, वीस वर्षं झाली तरी लिहितो.

गठ्ठा उजवीकडून आत येत असेल तर सगळ्यात आधी १ नंबर वळणार, मग २, मग ३. म्हणून १ नंबरची केबल गठ्ठ्यात पॅनलच्या सगळ्यात जवळ पाहिजे, तिच्यामागे २, अशा थरानं. मग प्रत्येक केबल आपल्या पोर्टसमोर आली की गठ्ठ्यातून अलगद बाहेर वळते आणि तिला दुसरी एकही ओलांडावी लागत नाही. वळण गोल ठेवा, केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्या हा कमीत कमी नियम, कॅट सिक्स साधारण सहा एमएमची धरली तर २५ एमएम, म्हणजे गोटी पकडल्यासारखं वळण, कोपरा नाही. २४ ही वळणं एकसारखी आली की मागून ते पेटीच्या सुरांसारखं ओळीनं दिसतं.

क्रम लावला की कंगवा घाला. प्लास्टिकचे केबल कोम मिळतात, २४ खाचांचे, त्यात क्रमानं केबल बसवायच्या आणि कंगवा पॅनलकडून ट्रेकडं हळूहळू सरकवत न्यायचा, वीत-दीड वीत सरकला की मागे वेल्क्रो. घाई केली तर केबल कंगव्यातून सुटतात, एका हातानं पुढचा गुंता सोडवत आणि दुसऱ्यानं कंगवा धरत जायचं, केसांतली जट काढतो ना तसंच. एका पॅनलला दोघांना तास-दीड तास लागतो, तो वेळ कोटेशनमध्येच धरा.

वेल्क्रोवर मी कधीच तडजोड करत नाही. प्लास्टिकचा टाय पक्कडीनं आवळला की जॅकेट दबतं, आतल्या जोड्यांमधलं अंतर बदलतं आणि टेस्टमध्ये रिटर्न लॉस (किती सिग्नल उलटा परत येतो ते माप) फेल येतो, तेही दहातल्या दोन लाईनींना, त्यामुळं कारण सापडत नाही. शिवाय कापलेल्या टायचं टोक हाताला ब्लेडसारखं लागतं. वेल्क्रोचा रोल मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आमच्या पुण्यात तपकीर गल्लीत आरामात मिळतो. तोही घट्ट नको, बांधल्यावर अंगठ्यानं सरकवून बघायचा, सरकला पाहिजे. आणि कंगव्याचं काम रॅकमध्ये आणि रॅकच्या वरच्या मीटरभरातच करा, लांब ट्रेमध्ये केबल मोकळ्या पडू द्या. कॅट सिक्स-ए केबलवर दहा गिगचा स्पीड चालवायचा असेल तर हे जास्तच पाळा, कारण तीसेक मीटर एकमेकींना चिकटून अगदी समांतर गेलेल्या केबलींचा त्रास शेजारच्या केबलीला होतो. पीओई (डेटाच्या केबलमधूनच वीज) असेल तर २४ च्या वर एका गठ्ठ्यात नको, मधल्या केबली तापतात.

लूज किती ठेवायचा हे सगळे विचारतात. रॅककडं दीड-दोन मीटर, पण तो रॅकमध्ये गुंडाळी करून नाही, वर ट्रेमध्ये मोठ्या यू आकारात. पॉइंटकडं वीतभर, गँग बॉक्समध्ये (पॉइंटच्या मागच्या डबीत) मावेल तेवढाच.

पंचिंग. जॅकेट इंच-सव्वा इंच सोला, ब्लेड हलक्या हातानं एकदा फिरवून केबल वाकवली की जॅकेट आपोआप तुटतं, पूर्ण खोल कापलं तर आतल्या तारेला चीर जाते. कॅट सिक्सच्या मधला अधिक चिन्हासारखा प्लास्टिकचा कणा जॅकेटच्या तोंडाशी कापून टाका. जोड्यांचा पीळ १३ एमएमपेक्षा जास्त सोडायचा नाही, करंगळीच्या नखाएवढाच. पोरं काय करतात, आधी आठही तारा पूर्ण सुट्या करून, ताणून सरळ करतात कारण बसवायला सोपं जातं, आणि तिथंच क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरणं) वाढतो. जोडी पिळलेलीच खाचेवर आणायची आणि खाचेच्या धारेवरच ती दुभंगू द्यायची. टूलचं कापायचं पातं बाहेरच्या बाजूला आहे ना ते दर वेळी बघा, उलटं धरलं तर आतली तार तुटते. क्रोन आणि ११० हे खाचांचे दोन प्रकार, जॅक क्रोनचा असेल तर क्रोनचंच पातं, ११० चा असेल तर ११० चं.

तारांच्या रंगांचा क्रम ५६८-बी या स्टँडर्डनं: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकवर ५६८-ए आणि ५६८-बी दोन्हीचे स्टिकर असतात, फरक फक्त नारंगी आणि हिरव्या जोडीच्या अदलाबदलीचा. एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी झालं तरी आजचे स्विच ते आपलं आपण सांभाळून घेतात आणि लाईन चालते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. साइटवरच्या प्रत्येकाला सकाळीच सांगायचं, आज बी.

समोरच्या बाजूचं गुपित पॅनल आणि स्विच कसे लावले त्यात आहे. दोन्ही पॅनल वर आणि स्विच खाली असं लावलं की पॅच कॉर्ड मीटर-मीटरच्या लागतात आणि पडदा तयार होतो. त्याऐवजी एक पॅनल स्विचच्या वर, दुसरा स्विचच्या खाली, प्रत्येकी १ यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप). ४८ पोर्टच्या बहुतेक स्विचना वरच्या ओळीत १, ३, ५ आणि खालच्या ओळीत २, ४, ६ असे पोर्ट असतात, म्हणजे वरचा पॅनल वरच्या ओळीला आणि खालचा खालच्या ओळीला सरळ उभा जोडता येतो, २५ सेंटीमीटरच्या कॉर्ड पुरतात. आडवे केबल मॅनेजर लागतच नाहीत. फक्त ए-०१ पोर्ट १ वर, ए-०२ पोर्ट ३ वर असा हिशोब होतो, तो शीटमध्ये लिहायचा आणि स्विचमध्ये पोर्टच्या नावातही टाकायचा. कॅमेरे आणि वायफायच्या एपी (ॲक्सेस पॉइंट) असतील तर त्यांचा वेगळा पॅनल आणि वेगळ्या रंगाच्या कॉर्ड, रंग कुठलाही घ्या पण सगळ्या साइटला तोच.

पॅच कॉर्ड तयारच घ्या. उरलेल्या केबलला दोन कनेक्टर क्रिम्प करून कॉर्ड बनवू नका, भिंतीतल्या केबलची तार एकसंध असते, सारखी हलवली की आतून तुटते. कॉर्डमध्ये बारीक तारांचा पीळ असतो, तो वाकण्यासाठीच असतो.

पॉवर एका खांबाकडून, डेटा दुसऱ्या खांबाकडून, अगदी तीन यूच्या भिंतीवरच्या रॅकमध्येसुद्धा. रॅकला अर्थिंग. आणि फायबर असेल तर ती तांब्याच्या गठ्ठ्यात कधीच बांधू नका, तिला तिची वेगळी वाट.

टेस्टिंग करताना नुसत्या आठ लाइटच्या टेस्टरवर विसंबू नका. दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या तारा एकत्र लागल्या, ज्याला आपण स्प्लिट पेअर म्हणतो, तर आठही लाइट क्रमानं लागतात आणि तरी लाईनवर स्पीड मिळत नाही. मोठ्या कामाला सर्टिफायर (लाईन स्टँडर्डमध्ये बसते का ते मोजणारं मशीन) भाड्यानं आणा, प्रत्येक पॉइंटचा रिपोर्ट काढा आणि टेस्टरमध्ये पॉइंटचं नाव ए-०१ असंच टाका. फेल आलेल्या लाईनचं टोक कापून परत मारा, दहातल्या आठ तिथंच पास होतात.

लेबल छापील लावा, केबलला गुंडाळून स्वतःवरच पारदर्शक पदर येणारं. हातानं लिहिलेलं पावसाळ्यात रॅकच्या खोलीत दमट हवेनं पुसट होतं. केबलवरचं लेबल पॅनलपासून दोन-तीन इंचावर, सगळ्यांचं एकाच रेषेत आणि तोंड दाराकडं.

शेवटी दार लावायच्या आधी चार फोटो काढा, पुढून, मागून, वरच्या ट्रेचा आणि फॉल्स सीलिंगच्या आतला. पोर्टची शीट छापून प्लास्टिकच्या पाकिटात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, त्यावर केबलच्या लांब्याही असू द्या. त्याच पाकिटात वेल्क्रोचे दहा तुकडे आणि दोन जास्तीच्या पॅच कॉर्ड ठेवा, रॅकची किल्ली मात्र तिथं न ठेवता ती कुणाकडं आहे त्याचं नाव लिहून ठेवा. मी त्या पोराला पुढच्या साइटवरून मागचाच फोटो आधी पाठवायला सांगितलाय.